कान्हेरी येथील शारद्वतीपुत्राचा स्तूप : धातुशोधाच्या इतिहासातील एक प्रकरण

१. विषयप्रवेश

मुंबईच्या उपनगरांपैकी बोरिवलीच्या पूर्वेस जो वनाच्छादित डोंगर आहे, त्यातील कान्हेरीच्या लेण्यांविषयी आजवर विपुल लेखन झाले आहे. परंतु ते बहुतांशी चैत्यगृहाच्या शिल्पाविषयी, विहारांच्या रचनेविषयी आणि दानलेखांविषयी आहे. तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहासमोर एकेकाळी दगडविटांनी बांधलेले काही स्तूप उभे होते. त्यांतील सर्वांत मोठा इ. स. १८३९ मध्ये डॉ. जेम्स बर्ड यांनी खणून उघडला. त्यात रक्षा, रत्ने आणि लेखयुक्त ताम्रपत्रे मिळाली. या घटनेचा उल्लेख बहुतेक ग्रंथांत एकदोन वाक्यांत आटोपलेला दिसतो.

वस्तुतः या घटनेत एखाद्या साहसकथेस लागणारी सर्व सामग्री आहे. अरण्यातील पडके अवशेष, भुयारांच्या दंतकथा, बंद दगडी पेटी, तिच्यातील सोन्याची लहानशी डबी, आणि जिचे वाचन अद्याप व्हावयाचे होते अशी लिपी. लुप्त झालेल्या पवित्र अवशेषाचा शोध घेणाऱ्या धाडसी पुरुषांच्या कादंबऱ्या सर्व भाषांत लोकप्रिय आहेत. त्या कथांत पेटी उघडली की कथानक संपते. इतिहासाभ्यासकाचे काम मात्र पेटी उघडल्यावर सुरू होते, आणि ती कशी उघडली गेली यावर त्या कामाचे यश अवलंबून असते. बोरिवलीच्या या स्तूपात जे सापडले त्यापेक्षा ते ज्या रीतीने सापडले, तिच्यामुळे आपले ज्ञान कोठे मर्यादित झाले, आणि पुढे ४३ वर्षांनी सोपाऱ्यास त्याच प्रकारचे काम वेगळ्या रीतीने केल्यामुळे काय साधले, हे तपासून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. धातू आणि धन

प्रथम एका शब्दाचा विचार केला पाहिजे. मराठीत 'धातू' म्हटले की सोने, रुपे, तांबे यांचा बोध होतो. वैयाकरणाच्या दृष्टीने धातू म्हणजे क्रियापदाचे मूळ रूप, तर वैद्याच्या दृष्टीने शरीरास धारण करणारी रस-रक्तादी सात द्रव्ये. बौद्ध वाङ्मयात हाच शब्द बुद्धाच्या किंवा त्याच्या श्रेष्ठ शिष्यांच्या देहावशेषांस लावला जातो. या सर्व अर्थांच्या मुळाशी एकच कल्पना आहे : बाकीचे सर्व गळून गेल्यावर जे उरते आणि ज्याच्या आधारावर पुन्हा काही उभे राहू शकते, तो धातू. पालीतील 'धातुगब्भ' या शब्दापासून सिंहली 'दागब' आणि त्यापासून युरोपीय लेखकांचा 'डागोबा' हा शब्द आला. स्तूप म्हणजे धातू पोटात धारण करणारी वास्तू होय.

बौद्ध परंपरेत पूज्य अवशेषांचे तीन वर्ग मानले जातात. देहाचे अवशेष ते शारीरिक. पात्र, चीवर इत्यादी वापरलेल्या वस्तू त्या पारिभोगिक. आणि केवळ स्मरणार्थ निर्मिलेल्या प्रतिमादी वस्तू त्या उद्देशिक. यांच्या जोडीला आणखी एक कल्पना पुढे दृढ झाली. बुद्धाच्या उपदेशाचे सार सांगणारा श्लोक हाच त्याचा धर्मरूपी देह मानून तो मातीच्या मुद्रांवर, विटांवर किंवा पत्र्यावर उमटवून स्तूपात ठेवण्यात येऊ लागला. अशा मुद्रा कान्हेरीसही मिळाल्या आहेत. पुढे पहलवी भाषेचे पंडित म्हणून ख्याती पावलेले ई. डब्ल्यू. वेस्ट यांना १८५३ च्या सुमारास येथील एका लेण्यात वाळलेल्या मातीचे असे अनेक ठसे सापडले.

दगडात कोरलेला स्तूप आणि बांधलेला स्तूप यांतील भेदही येथे ध्यानात ठेवला पाहिजे. अंधेरीच्या पूर्वेस कोंडिविटे येथील लेण्यांत, ज्यांस आज महाकालीची लेणी म्हणतात, किंवा कान्हेरीच्या तिसऱ्या लेण्याच्या अंतर्भागी जो स्तूप आहे, तो डोंगराच्याच अंगातून घडविलेला असल्यामुळे सामान्यतः भरीव असतो. बांधलेल्या स्तूपाच्या गर्भात मात्र धातू ठेवण्याची सोय मुद्दाम केलेली असते. म्हणून शोधकांचे लक्ष नेहमी बांधीव स्तूपांकडे गेले.

आता लोकसमजुतीकडे वळू. आपल्याकडे जुन्या टेकाडाखाली गुप्तधनाचा हंडा असतो, त्यावर नाग बसलेला असतो, आणि पायाळू माणसाला ते धन दिसते, असा समज सर्वत्र आढळतो. या समजुतीने धातू या शब्दाचा पहिला, म्हणजे बाजारातील अर्थ तेवढा धरला. बौद्ध संघ लयास जाऊन काही शतके लोटल्यावर, ज्यांना स्तूपाचा हेतू ठाऊक नव्हता, त्यांच्या दृष्टीने गोलाकार बांधकामाच्या पोटात दुसरे काय असू शकणार? शोधकाने धन शोधावे आणि त्याला रक्षा मिळावी, हा अनुभव हिंदुस्थानातील अनेक स्तूपांच्या बाबतीत आलेला आहे.

३. भुयाराची दंतकथा

कान्हेरीतील पहिल्या ज्ञात शोधमोहिमेची हकीकत दियोगू दु कोतु या पोर्तुगीज इतिहासकाराने दिली आहे. गोव्यातील पोर्तुगीज दप्तराचा तो रक्षक होता. १६१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या इतिहासाच्या सातव्या दशकात त्याने साष्टीतील लेण्यांचे सविस्तर वर्णन केले आहे. १५३४ मध्ये वसईसह हा मुलूख पोर्तुगीजांच्या हाती आल्यावर फ्रान्सिस्कन पंथाच्या पाद्र्यांनी बोरिवलीनजीकचे मंडपेश्वराचे लेणे आणि कान्हेरीचे मोठे चैत्यगृह यांचे प्रार्थनामंदिरांत रूपांतर केले. या कामात अंतोनियू दु पोर्तु हा पाद्री प्रमुख होता.

कोतु सांगतो की कान्हेरीच्या डोंगरातील भुयार थेट खंबायतपर्यंत जाते, असे स्थानिक लोकांकडून या पाद्र्याच्या कानी आले आणि त्याचा शेवट पाहण्याची त्याला इच्छा झाली. सुमारे वीस सशस्त्र माणसे, अन्नपाणी, उजेडासाठी तेल आणि परतीची वाट चुकू नये म्हणून दोर, अशी सिद्धता करून ही मंडळी आत शिरली. दोराचे एक टोक प्रवेशापाशी पक्के करण्यात आले. सात दिवस ते चालत राहिले. दोन्ही बाजूंस खोल्या आणि मधूनमधून पाण्याची टाकी दिसली. पण मार्गाचा अंत लागला नाही, आणि शिधा संपत आल्यावर ते दोर धरून माघारी आले.

आज पाहणी झालेल्या कान्हेरीत सात दिवस चालावे असे भुयार नाही. परंतु खोल्या, पायऱ्या आणि पाण्याची टाकी हे वर्णन कान्हेरीच्या रचनेशी जुळते. शंभरांहून अधिक लेणी डोंगराच्या उतारांवर निरनिराळ्या पातळ्यांत पसरलेली असून ती खोदीव पायऱ्यांनी जोडलेली आहेत, आणि प्रत्येक निवासापाशी पाण्याचे टाके आहे. तेव्हा या हकीकतीत प्रत्यक्ष पाहिलेले आणि ऐकीव यांची सरमिसळ झाली असावी, असे म्हणावयास हरकत नाही. आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही की, या शोधकांना कशाचा तरी शेवट हवा होता. ज्या टाक्यांवरून आणि लेखांवरून येथील संघाचे जीवन समजले असते, ती त्यांच्या दृष्टीने केवळ वाटेवरची नोंद ठरली. आणि ज्या स्तूपाच्या पोटात खरोखरच काही जपून ठेवलेले होते, तो चैत्यगृहासमोर उघड्यावर उभा होता.

याच सातव्या दशकात कोतुने दुसऱ्या एका धातूची हकीकत दिली आहे. व्हाइसरॉय दों कोन्स्तांतिनु द ब्रागांसा याने १५६० मध्ये जाफन्यावर स्वारी केली, तेव्हा बुद्धाचा म्हणून पूजिला जाणारा एक दात पोर्तुगीजांच्या हाती पडला. पेगूच्या राजाने त्यासाठी मोठी रक्कम देऊ केली. तिजोरीची गरज असलेल्या अधिकाऱ्यांना ती घ्यावी असे वाटले. धर्माधिकाऱ्यांनी विरोध केला. आणि अखेरीस गोव्यात तो दात खलात कुटून, जाळून, त्याची राख नदीत टाकण्यात आली. सिंहली परंपरा तो दात खरा नव्हता असे मानते. एकच वस्तू पेगूच्या राजास धातू, खजिनदारास धन आणि धर्माधिकाऱ्यास मूर्तिपूजेचे साधन वाटली. कोणाच्या हाती ती पडते यावर तिचे भवितव्य ठरले. कान्हेरीच्या धातूचे भवितव्य ठरविणारा माणूस चौथ्या प्रकारचा होता. तो स्वतःस विद्येचा उपासक मानणारा होता.

४. इ. स. १८३९ चे उत्खनन

१७३७-३९ च्या मोहिमेत साष्टी मराठ्यांकडे आली आणि १७७४ मध्ये ती इंग्रजांनी घेतली. त्यानंतर कान्हेरीकडे अभ्यासकांचे पाय वळू लागले. हेन्री सॉल्ट याचे साष्टीतील लेण्यांवरील वर्णन मुंबईच्या लिटररी सोसायटीच्या १८१९ च्या खंडात प्रसिद्ध झाले. परंतु वर्णनाकडून उत्खननाकडे जाण्याची प्रेरणा उत्तरेकडून आली. १८३० मध्ये पंजाबात माणिक्याळ येथील मोठा स्तूप रणजितसिंगाच्या नोकरीतील सेनापती व्हेंचुरा याने खणला आणि त्यात नाणी व करंडक मिळाले. पाठोपाठ चार्ल्स मॅसन याने अफगाणिस्तानातील अनेक स्तूप उघडले. या वस्तूंची वर्णने कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकातून सर्वत्र पोहोचत होती. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेप याने ब्राह्मी लिपीचे वाचन सिद्ध केले. अशा उत्साहाच्या काळात मुंबईच्या एशियाटिक सोसायटीशी निकट संबंध असलेले डॉ. बर्ड कान्हेरीस आले.

बर्ड यांनी आपला वृत्तांत १८४१ मध्ये कलकत्त्याच्या उपर्युक्त नियतकालिकात प्रसिद्ध केला आणि १८४७ मध्ये बौद्ध व जैन धर्मांवरील आपल्या ग्रंथात त्याचा पुन्हा उपयोग केला. त्यांच्या म्हणण्याचा सारांश असा : निवडलेला स्तूप मूळचा १२ ते १६ फूट उंच असावा, तो फार मोडकळीस आलेला होता. माथ्यापासून पायापर्यंत तो खणण्यात आला. पाया घडीव दगडांचा होता. जमिनीच्या पातळीस आल्यावर मजुरांना मध्यभागी पोकळ असा एक वाटोळा दगड लागला. त्याचे तोंड जिप्समच्या तुकड्याने झाकलेले होते. आत तांब्याची दोन लहान पात्रे होती. एकात रक्षा, एक माणिक, एक मोती, सोन्याचे लहान तुकडे आणि सोन्याची एक छोटी डबी असून तिच्यात वस्त्राचा तुकडा होता. दुसऱ्यात चांदीची डबी आणि काही रक्षा होती. पात्रांसोबत दोन ताम्रपत्रे मिळाली. त्यांतील लहान पत्र्यावरील लेखाच्या शेवटी बौद्धांचा सुप्रसिद्ध धर्मश्लोक होता.

हा वृत्तांत प्रामाणिक आहे, यात संशय नाही. सोन्याच्या वजनापेक्षा लेखांकडे बर्ड यांचे लक्ष अधिक होते, आणि पत्र्याची प्रतिकृती त्यांनी छापली हे त्यांचे ऋण मान्य केले पाहिजे. पुढील संशोधनाचा आधार ती छापील प्रतिकृतीच ठरली. तथापि वृत्तांत बारकाईने वाचला असता त्यातील एक वाक्य अभ्यासकास अडवून धरते. दोन पात्रे आणि दोन पत्रे एकत्र मिळाले, एवढेच बर्ड सांगतात. मोठा पत्रा कोणत्या पात्राशी संबंधित होता आणि लहान पत्रा कोणत्या, याचा बोध होत नाही. खणण्याची दिशाही माथ्याकडून सरळ पायाकडे होती. त्यामुळे वरच्या थरांत बांधणीचे किती टप्पे होते, जुना स्तूप पोटात घेऊन नवा बांधला होता काय, या प्रश्नांची उत्तरे त्या खोदकामातच नाहीशी झाली. मोठ्या पत्र्याचा अर्थ लागल्यावर या त्रुटीची किंमत किती मोठी होती, हे कळून आले.

५. ताम्रपटाचे म्हणणे

मोठ्या पत्र्यावरील लेख संस्कृत आहे. बर्जेस व पंडित भगवानलाल इंद्रजी यांच्या १८८१ मधील पश्चिम हिंदुस्थानातील लेणी-लेखांच्या संग्रहात आणि पुढे म. म. वा. वि. मिराशी यांच्या कलचुरी-चेदी संवताच्या लेखांवरील १९५५ च्या ग्रंथात त्याचा समावेश आहे. लेखाचा आशय असा : सर्वज्ञास वंदन करून, त्रैकूटकांच्या वर्धमान राज्याच्या २४५ व्या वर्षी, कृष्णगिरीच्या महाविहारात, सिंधू देशातील कनक नावाच्या गावचा रहिवासी, बुद्धश्री व पुष्यवर्मा यांचा पुत्र बुद्धरुची याने घडीव दगड आणि विटा यांचा हा चैत्य बांधला, भगवान शाक्यमुनीचा अग्रश्रावक आर्य शारद्वतीपुत्र याच्यासाठी तो आहे. पुढे देव, यक्ष, विद्याधर इत्यादिकांच्या प्रसादाची याचना असून, क्षीरसागर, मेरू आणि नद्यांचे निर्मळ पाणी टिकेल तोवर ही कीर्ती टिको, अशी प्रार्थना आहे.

या थोड्या ओळींतून जे हाती येते, ते कोणत्याही माणकाहून मोलाचे आहे. पहिली गोष्ट कालाची. येथील संवत इ. स. २४८-४९ च्या सुमारास सुरू होणारा, म्हणजे पुढे कलचुरी-चेदी म्हणून ओळखला जाणारा असल्यामुळे २४५ हे वर्ष सुमारे इ. स. ४९४-९५ येते. त्रैकूटक राजा दह्रसेन याचा पारडी येथील ताम्रपट २०७ या वर्षाचा आणि व्याघ्रसेनाचा सुरत येथील ताम्रपट २४१ या वर्षाचा आहे. कान्हेरीचा लेख त्यांच्या लगत बसतो आणि पाचव्या शतकाच्या अखेरीस उत्तर कोकण त्रैकूटकांच्या सत्तेखाली होते, या विधानास आधार देतो. दुसरी गोष्ट स्थलनामाची. कान्हेरी या नावाचे मूळ रूप कृष्णगिरी होते आणि येथील संस्था महाविहार म्हणून विख्यात होती, हे यावरून स्पष्ट होते. तिसरी गोष्ट दात्याची. सिंधूच्या काठचा मनुष्य साष्टीच्या डोंगरात येऊन स्तूप बांधतो. सातवाहन काळातील कान्हेरीच्या दानलेखांत सोपारा, कल्याण, नाशिक, चेऊल येथील लोक दिसतात. पाचव्या शतकात दात्यांचे क्षेत्र सिंधपर्यंत पोहोचले होते.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. शारद्वतीपुत्र म्हणजे शारिपुत्र. बुद्धाच्या दोन अग्रश्रावकांपैकी तो प्रज्ञेत श्रेष्ठ मानला जातो. अभिधर्माचे अध्ययन करणारे भिक्षू शारिपुत्राच्या स्तूपाची विशेष पूजा करतात, असे फाहियान व ह्युएनत्संग या दोघांनीही नोंदविले आहे. शारिपुत्र बौद्ध धर्मात कसा आला, याची परंपरागत कथाही येथे आठवली पाहिजे. अश्वजित नावाच्या भिक्षूस त्याने विचारले, तुझा गुरू काय शिकवितो? अश्वजिताने एकच श्लोक सांगितला : वस्तू कारणांपासून उद्भवतात, ती कारणे आणि त्यांचा निरोध तथागताने सांगितला आहे, अशा अर्थाचा. तेवढ्याने शारिपुत्राला दृष्टी आली. बौद्धांचा सर्वत्र आढळणारा धर्मश्लोक तो हाच. आणि कान्हेरीच्या लहान पत्र्यावर होता तोही हाच.

धर्मश्लोक त्या काळी सर्वत्र लिहिला जात असल्यामुळे लहान पत्र्यावर तो असणे हा केवळ रूढीचा भाग असू शकेल. परंतु ज्या शिष्याची प्रज्ञा त्या श्लोकाने जागी झाली, त्याच्याच स्तूपात तो ठेवताना संघातील अभ्यासू भिक्षूंना त्या कथेची आठवण झाली नसेल, असे मानणे कठीण आहे. एका बाजूस शिष्याच्या देहाचा अवशेष आणि दुसऱ्या बाजूस त्याला लाभलेला धर्म, अशी योजना येथे असू शकते.

मात्र हे अनुमान सिद्ध करावयाचे तर दोन पात्रांतील कोणत्या रक्षेशी कोणता पत्रा निगडित होता, हे कळावयास हवे. दोन्ही रक्षा शारिपुत्राच्या मानल्या जात होत्या काय? की एक त्याची आणि दुसरी अन्य कोणाची, कदाचित त्याचा सहचर मौद्गल्यायन याची? बर्ड यांच्या वृत्तांतावरून याचा निर्णय करता येत नाही. याउलट सांचीचे उदाहरण पाहावे. १८५१ मध्ये कनिंगहॅम व मेझी यांनी तेथील तिसरा स्तूप उघडला, तेव्हा दोन दगडी पेट्यांपैकी एकीच्या झाकणावर शारिपुत्राचे आणि दुसरीच्या झाकणावर महामौद्गल्यायनाचे नाव कोरलेले आढळले; आतील करंडकांच्या झाकणांत शाईने नावांची आद्याक्षरेही होती. त्यामुळे कोणती अस्थी कोणाची मानली जात होती, याविषयी संदेह उरला नाही. ते धातू इंग्लंडला गेले, पुढे परत आले आणि १९५२ मध्ये सांचीच्या नव्या विहारात त्यांची स्थापना झाली. ते नाव ओळखून परत येऊ शकले, कारण प्राचीन लेखकाने नाव पेटीवरच घातले होते आणि उघडणाऱ्याने पेट्यांची अदलाबदल होऊ दिली नाही. कान्हेरीस नाव पत्र्यावर होते. तेव्हा पत्र्याचे स्थान हाच पुरावा होता.

कान्हेरीच्या संघात दिवंगत आचार्यांच्या अवशेषांचा किती आदर होता, हे पुढील संशोधनाने अधिक स्पष्ट केले आहे. डॉ. शोभना गोखले यांनी १९७० च्या दशकात येथील विटांच्या स्मारकस्तूपांच्या ओळीतून स्थविरांची नावे व त्यांची आध्यात्मिक पदे देणारे लेख उजेडात आणले. कान्हेरीच्या लेखांवरील त्यांचा ग्रंथ १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. नाव धारण करणाऱ्या या स्तूपांच्या पार्श्वभूमीवर शारद्वतीपुत्राचा चैत्य वेगळा पडत नाही. बुद्धाच्या अग्रशिष्यापासून कृष्णगिरीच्या स्थविरांपर्यंत आलेल्या गुरुपरंपरेच्या शिरोभागी तो उभा होता, असे आता म्हणता येते.

६. सोपारा, इ. स. १८८२

ज्या वर्षी बर्ड यांनी कान्हेरीचा स्तूप खणला, त्याच वर्षी जुनागढ येथे भगवानलाल इंद्रजी यांचा जन्म झाला. डॉ. भाऊ दाजी यांच्या सहवासात तयार झालेल्या या पंडिताने १८८२ मध्ये, ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरचे संपादक जेम्स कॅम्बेल यांच्या सहकार्याने, नालासोपाऱ्यानजीकचे एक टेकाड खणले. आज हे स्थान पालघर जिल्ह्यात मोडते. लोक त्यास बुरूड राजाचा कोट म्हणत. टोपल्या विणणाऱ्या एका राजाचा तो किल्ला, अशी समजूत होती. आकारावरून आणि विटांवरून भगवानलालांनी तो स्तूप असल्याचे ओळखले.

स्तूपाच्या मध्यभागी विटांच्या कोठडीत वर्तुळाकार दगडी पेटी मिळाली. पेटीच्या मध्यावर तांब्याचा अंडाकृती करंडक होता आणि त्याच्या सभोवती आठ लहान कांस्यमूर्ती मांडलेल्या होत्या. सात पूर्वीच्या व वर्तमान बुद्धांच्या आणि आठवी भावी बुद्ध मैत्रेयाची. तांब्याच्या करंडकात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि त्यात सोन्याचा, असे एकात एक करंडक निघाले. बरोबर सोन्याची फुले, मणी आणि यज्ञश्री सातकर्णीचे एक चांदीचे नाणे होते. सर्वांत आतल्या सोन्याच्या करंडकात काय होते? मातीच्या भांड्याचे १३ बारीक तुकडे. बुद्धाच्या भिक्षापात्राचे म्हणून ते जपलेले असावेत, असे भगवानलालांनी ठरविले. पाच आवरणांपैकी सर्वांत मौल्यवान आवरण सर्वांत आत आणि त्याच्याही आत खापऱ्या, ही मांडणी पाहिली म्हणजे धातू आणि धन यांतील भेद प्राचीनांच्या मनात किती स्पष्ट होता, हे दिसते. सोन्याचे काम सेवकाचे होते.

भगवानलालांनी हा वृत्तांत मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात सोपारा व पडण येथील अवशेषांवरील निबंधात प्रसिद्ध केला. यांतील पडण म्हणजे कांदिवलीजवळच्या आकुर्ली येथील टेकडी होय. सोपाऱ्याच्या वस्तू सोसायटीच्या संग्रहात राहिल्या. निबंधाचे वैशिष्ट्य असे की, कोणती वस्तू कशाच्या आत आणि कशाच्या सभोवती होती, हे त्यात नमूद आहे. या नोंदीचे फळ पुढे मिळाले. करंडक आणि नाणे सातवाहन काळाकडे, म्हणजे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाकडे बोट दाखवितात. परंतु कांस्यमूर्तींची शैली आठव्या-नवव्या शतकांची आहे. मूर्ती करंडकाच्या बाहेर, पण त्याच पेटीत होत्या. याचा अर्थ असा की, पहिल्या स्थापनेनंतर काही शतकांनी श्रद्धावान लोकांनीच हा स्तूप उघडला, मूळ धातूस हात न लावता त्याभोवती मूर्ती मांडल्या आणि तो पुन्हा बंद केला. स्थाने नोंदली नसती तर मूर्ती व करंडक एकाच काळचे मानून आपण कालनिर्णयात पाचसहाशे वर्षांची चूक केली असती.

आता कान्हेरीकडे पुन्हा पाहिले असता मनात एक प्रश्न उभा राहतो. यज्ञश्री सातकर्णीच्या १६ व्या राज्यवर्षाचा लेख कान्हेरीत आहे; तेव्हा दुसऱ्या शतकात तेथील विहार भरभराटीत होता. मग बुद्धरुचीने ४९४-९५ मध्ये बांधलेल्या स्तूपातील सोन्याची डबी, वस्त्राचा तुकडा आणि रक्षा ही सर्व पाचव्या शतकातच प्रथम स्थापिली गेली, की जुन्या स्तूपातील धातू नव्या बांधणीत सन्मानाने पुन्हा ठेवण्यात आला? दोन पात्रांचे कारण कदाचित हेच असेल. सोपाऱ्याच्या बाबतीत अशा प्रश्नाचे उत्तर देता आले. कान्हेरीच्या बाबतीत तो प्रश्न म्हणूनच उरतो.

७. उपसंहार

या दोन उत्खननांची तुलना करताना बर्ड यांना दोष देणे सोपे आहे, पण ते न्याय्य होणार नाही. १८३९ मध्ये स्तूपांच्या उत्खननाचे शास्त्र अस्तित्वात नव्हते. लिपीचे वाचन अवघे दोन वर्षांपूर्वी सिद्ध झाले होते. भूमिगत निधीसंबंधीचा कायदा १८७८ मध्ये आणि प्राचीन स्मारकांच्या रक्षणाचा कायदा १९०४ मध्ये झाला. शिवाय त्यांनी पत्रा छापला नसता, तर बुद्धरुचीचे नावही आपणास कळले नसते. परंतु त्यांच्या काळाचा दृष्टिकोण पाहता, पेटीतील वस्तू हे फळ आणि पेटीभोवतालची माती हे फोलपट, असे गृहीत धरलेले दिसते. या एका बाबतीत विद्येचा उपासक आणि गुप्तधनाचा शोधक यांचा मार्ग एकच होता : दोघेही वरून थेट मध्यापर्यंत जातात.

प्राचीन भिक्षूंनी स्तूपात जे ठेवले, त्याचा अर्थ त्या वस्तूंत जेवढा होता तेवढाच त्यांच्या परस्परसंबंधांत होता. खापरीचा तुकडा सोन्यात, सोने स्फटिकात, मूर्ती सभोवती, नाव जवळ : ही मांडणी म्हणजे एक वाक्य होते. शब्द सर्व हाती आले, पण त्यांचा क्रम मोडला, तर वाक्याचा अर्थ संदिग्ध होतो. कान्हेरीस नेमके असेच झाले.

मुंबई उपनगरांच्या इतिहासाच्या अभ्यासकांसाठी यातून एक व्यावहारिक सूचना निघते. बोरिवली ते वसई आणि अंधेरी ते ठाणे या पट्ट्यात लेणी, टाकी, पादुका, विरगळ आणि विटांची टेकाडे यांची संख्या मोठी आहे. वस्तीच्या विस्ताराने त्यांतील पुष्कळ घरांच्या आणि रस्त्यांच्या लगत आली आहेत. एखाद्या ठिकाणी विटांचा थर उघडा पडला, तर आत काय आहे हे पाहण्याची उत्सुकता स्वाभाविक आहे. परंतु त्या थराचे स्थान, विटेचे माप आणि शेजारच्या वस्तूंशी असलेला संबंध यांची नोंद होऊन पुरातत्त्व खात्यास कळविले जाईपर्यंत कोणतीही वस्तू जागची हलू नये, हा नियम पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी पहिल्या क्षेत्रभेटीपासून अंगी बाणवला पाहिजे.

बुद्धरुचीने आपल्या लेखात मेरू आणि समुद्र असेतोवर आपला चैत्य टिको, अशी इच्छा व्यक्त केली होती. चैत्य टिकला नाही. त्याच्या गावाचे, पित्याचे आणि ज्याच्यासाठी तो बांधला त्या शिष्याचे नाव मात्र टिकले, कारण ते लिहून ठेवलेले होते आणि त्याची प्रत कोणीतरी छापून ठेवली. कान्हेरीच्या स्तूपातून खऱ्या अर्थाने जो धातू आपल्या हाती आला, तो हाच होय.